पदरचं

सेन्यला डोंगरावरून वारा उतरतो तेव्हा
आधी कौलं उडतात,
मग आमच्या ऑफिसातले फोन वाजतात.
बुरा म्हणतात इथे त्या वाऱ्याला.
एकवीस वर्षं मी विमा कंपनीसाठी पंचनामे करते.
टेप, टॉर्च, ओल मोजायचं यंत्र,
आणि पहिल्या साहेबांची एकच शिकवण:
पदरचं काही घालायचं नाही.
तडा तीन मिलिमीटर, तर तीनच.
बाई रडत होती, याला फॉर्मात रकाना नाही.

रात्री मात्र कथा लिहिते.
म्हणजे, लिहायला बसते.
निळ्या वहीत सात आहेत, पुरी झालेली एक,
तीही झोप आली म्हणून.
माझी माणसं फार नीट वागतात.
दार लोटतात, कोट खुंटीला लावतात,
पाणी उकळेपर्यंत एकमेकांची विचारपूस करतात.
कुणाला जिन्यावरून ढकलायची वेळ आली
की मी आधी कठडा हलवून बघते.
कठडा मजबूत निघतो.

बहीण नेवेंका वाचून म्हणाली,
"घर छान आहे गं. पण आत कुणी राहतं का?"
मी हसले.
मग आठवडाभर तिचे फोन उशिरा उचलले.

फेब्रुवारीत शिमेचा दावा आला.
वय त्र्याऐंशी, कानात यंत्र, बूट घासून लख्ख.
वाऱ्यानं दोर तुटला, होडी गेली,
होडीत बायकोचं शिलाई मशीन होतं.
होडीत मशीन कशाला? मी विचारलं.
तो जराही अडखळला नाही.
"क्र्क बेटावर तिची बहीण असते. तिला द्यायचं होतं.
बायको गेली तेव्हा सुईत दोरा ओवलेला होता,
पांढरा. मी काढला नाही.
आता खाली तो सुटत असेल.
कुठवर गेला असेल, तुम्हीच सांगा."

मी धक्क्यावर गेले.
कडीला दोराचं टोक होतं,
एकही धागा पिंजलेला नाही. सुरी, एकच झटका.
आणि मशीन त्याच्याच मागच्या खोलीत होतं, चादरीखाली,
पेडल तेवढं बाहेर आलेलं.
नियमानं चादर उचलायला हवी होती.
मी उचलली नाही.

दोर: कापलेला. दावा: नामंजूर.
सही केली, तारीख घातली, आणि घरी येताना
चौकात उभी राहून चक्क जळफळले.
ज्याला कधी कुणी एक ओळ लिही म्हटलं नाही
तो म्हातारा उभ्या उभ्या थाप मारून गेला,
आणि त्या थापेतला दोरा
मला अजून सुटताना दिसतो.

कदाचित माझा पिंडच पंचनाम्याचा.
असू दे की.
कित्येकांना पोहता येत नाही,
समुद्राचं त्यावाचून काही अडत नाही.
मग रोज रात्री काठाशी जाऊन
मी चपला कशाला काढते?
शिमेला पैसे हवे होते.
मला काय हवंय?
मोबदला, रक्कम, वारसाचं नाव…
सगळे रकाने कोरे सोडावे लागतील.
खोटं बोलायला सुद्धा गरज लागते का कसली,
भूक लागते तशी?
की बोलता बोलता लागते?

आज नवं पान काढलं आणि लिहिलं:
वाऱ्यानं दोर तुटला.
चार वेळा वाचलं. धडधडीत खोटं.
हात आपसूक समासाकडं वळला,
"पुरावा" एवढं उमटलंसुद्धा.
खोडलं. कागद जरा फाटला.

होडी निघाली आहे. मशीन आत आहे.
नेवेंकासारखं हसणारी कुणीतरी
बेटाच्या धक्क्यावर शाल घट्ट धरून उभी आहे,
ही कुठून आली, माहीत नाही.
बाहेर कौलं खडखडायला लागलीत,
सकाळी फोन येतील.
चादरीखाली सुईत दोरा होता की नव्हता
हे मी अजून पाहिलेलं नाही.